बालवाडीसाठी राखीव

आबा, तुमचं तेरावं झालं त्या संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. चपला दाराबाहेर काढल्या, तुमच्या फोटोला हात जोडले, खिरीची वाटी संपवली, रुमालाने मिशा पुसल्या आणि तुमच्या मुलाला म्हणाला, "मोहनराव, कमिटीचं असं मत पडलंय की खालच्या खोलीला आबांचं नाव द्यावं."

तुमच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबांना किती बरं वाटलं असतं," एवढंच त्यांना बोलता आलं.

मी आतल्या दारात उभी होते, हातात खिरीचं पातेलं. मला खरोखर मळमळलं. सुनेने रडून रडून पोटात काही घेतलं नसेल असं शेजारच्या वहिनींना वाटलं, त्यांनी लिंबाचं सरबत करून आणलं. सरबताने बसणारी ती मळमळ नव्हती.

ती खोली कुठली हे तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. लालबागमधली आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. त्याच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला पंपरूमला लागून एक खोली आहे. मंजूर नकाशात तिच्यावर लिहिलंय, 'बालवाडीसाठी राखीव'. ते दोन शब्द नकाशात यावेत म्हणून माझे सासरे भांडले. टॉवर झाल्यापासून त्या खोलीत बालवाडीचं एकही मूल बसलेलं नाही. आधी तिथे मंडपाचे बांबू, कमिटीच्या खुर्च्या आणि उरलेल्या लाद्या होत्या. आता ती एका खाजगी नर्सरीला दिली आहे. त्या नर्सरीला तुमचं नाव द्यायचं, आबा. चारचौघांत मी नवऱ्याला 'हे' म्हणते. आज तुमच्याशी बोलताना 'तुमचा मुलगा' म्हणतेय, कारण खोली नर्सरीला द्यायच्या कमिटीच्या ठरावावर तुमच्या मुलाची सही आहे, आणि ती तुम्ही खाटेला खिळलेले असतानाच झालेली आहे.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मला या घरात येऊन फार वर्षं झाली नव्हती. माझं माहेर फणसवाडीचं, मी मॅट्रिक झालेली, गिरणीचा भोंगा सोडला तर गिरणीतलं काही ठाऊक नसलेली. तुम्ही साचेखात्यात मागावर कायम, तुमचा मुलगा त्याच गिरणीत बदली कामगार. एका सकाळी दोघंही घरी बसलात आणि मग बसूनच राहिलात. एवढीशी खोली, त्यात दिवसभर दोन पुरुष, आई म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि माझी लेक शिल्पा. शिल्पा तेव्हा धड बोलायला लागलेली, घरभर माझ्या पदराला धरून हिंडायची. पहिले काही महिने तुम्ही रोज सभेला जायचात आणि खुशीत परत यायचात. मग डब्यातले तांदूळ तळाला गेले.

तुम्ही आईंना म्हणालात, "पोरीक घेवन गावाक जा. थंय भात तरी गावतलो."

मी विचारलं, "परत कधी आणायचं?"

"संप मिटलो की हाडूया."

माझं मत कोणी विचारलं नाही, आणि तेव्हा ते कुठल्याच घरात विचारत नसत. शिल्पा एस.टी.च्या खिडकीतून हसत होती. आपल्या मागोमाग मीही चढणार, असंच तिला वाटत होतं.

मूल गेल्यावर माझे हात रिकामे झाले. तेवढ्यात एका संस्थेने सरकारी अनुदानावर चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत बालवाडी काढली. त्यांना शिकलेली बाई हवी होती. मी गेले. तुम्ही अडवलं नाहीत, एवढंच म्हणालात की संपवाल्याच्या घरातली आहेस, मान खाली घालून काम करू नको. तेव्हापासून रोज सकाळी माझी मुलगी कोकणात कुणाच्या तरी खळ्यात खेळायची आणि मी लालबागमध्ये दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसायचे. त्या मुलांच्या आया कुणी खानावळीचे डबे करत होत्या, कुणी हिंदू कॉलनीत धुणीभांडी. मुलं न्याहारी न करता यायची आणि गप्प बसायची. लहान मूल गप्प बसलं की पाहुणे म्हणतात किती शहाणं आहे. मला त्या शहाणपणाची भीती वाटायची.

शिकवायला काय होतं माझ्याकडे? एक फळा आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत लाकडी ठोकळे होते, मणी होते, चाकांचा हत्ती होता, चित्रांचे तक्ते होते. ट्रंकेला कुलूप होतं आणि किल्ली तपासणीला येणाऱ्या मोठ्या बाईंकडे. त्या आल्या की ट्रंक उघडायची, खेळणी सतरंजीवर मांडायची, मुलांना त्यांच्यामागे बसवायचं, बाईंनी बघून मान डोलवायची, मग सगळं पुसून परत आत. मुलांनी हात लावला तर तुटेल, आणि तुटलं तर माझ्या नावावर लागेल.

तुम्हाला घरात बसून वीट आला होता. एक दिवस खाली येऊन दारातल्या पायरीवर बसलात. दुसऱ्या दिवशीही आलात. तपासणी झाली त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात. बाई गेल्या आणि चंदा नावाची एक चिमुरडी बंद ट्रंकेजवळ जाऊन तिला कान लावून बसली. आत हत्ती आहे म्हणाली. तुम्ही उठून वर गेलात, पाना-पेचकस घेऊन आलात आणि कुलपाला हात न लावता ट्रंकेच्या मागच्या बिजागऱ्याच काढून ठेवल्यात.

मी घाबरले. "आबा, माझं काम जाईल."

"जावंदे. माझा गेलाच हा."

पुढच्या तपासणीपर्यंत हत्तीचं एक चाक निघालं, मण्यांचा निम्मा डबा हरवला आणि मुलं बोलायला लागली. ठोकळे रचताना भांडायला लागली, भांडताना वाक्यं करायला लागली. मोठ्या बाई आल्या आणि ट्रंकेची ती दशा बघून लाल झाल्या.

"हे डेड स्टॉक आहे, कळतंय का तुम्हाला? सगळं रजिस्टरला आहे."

तुम्ही पायरीवरून विचारलंत, "डेड स्टॉक म्हंजे काय?"

"जे वापरून संपत नाही, जपून ठेवायचं असतं ते."

"बाई, मग पोरांका पण त्येच्यातच लिवा," तुम्ही म्हणालात. "तुम्ही त्यांका पण तसाच ठेवलास."

त्यांनी माझ्या नावाने मेमो पाठवला. तुम्ही तो चुलीत घातलात आणि बिजागऱ्या कायमच्या फेकून दिल्यात. त्या दिवशी मी तुमच्याशी पहिल्यांदा मोकळेपणी हसले, सासऱ्यासमोर हसायचं नसतं हे विसरून.

पण आपलं पटलं ते तेवढंच. पुढच्याच पावसाळ्यात आपलं भांडण सुरू झालं आणि ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही.

मुलांना खाऊ म्हणून सुखडी यायची, भाजक्या पिठाची, गोणीतून. एकदा आलेल्या सुखडीला रॉकेलचा वास. मुलं तोंडात घेऊन थुंकायची, आणि भुकेने परत घ्यायची. तुम्ही गोणी खांद्यावर मारलीत आणि संपातल्या दोघा-चौघांना घेऊन ऑफिसात गेलात. साहेबांच्या टेबलावर कागदात सुखडी ठेवून म्हणालात, "साहेब, ह्यां जरा खावन बघा." साहेबांनी खाल्लं नाही. पण पुढची गोणी चांगली आली. त्याच्या पुढची पुन्हा तशीच.

तुम्ही म्हणालात, परत जाऊ. मी म्हणाले, जा, पण तोवर मी घरून भात करून नेते. शेजारणी मूठमूठ तांदूळ द्यायला तयार आहेत.

तुम्ही भडकलात. "घरचो भात घातलंस की त्यांचा भागला. मग ते कित्याक सुधारतले? सरकार मोकळा झाला."

"आबा, मुलं आज भुकेली आहेत."

"आज दिलंस तर आयुष्यभर तुकाच देवक होया."

"आणि नाही दिलं तर? तुमची गोणी सुधारेपर्यंत ती तीन वर्षांची राहणार आहेत का?"

मी भात नेला. तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे होतो, असं आता कुणी म्हणेल. मला ते म्हणायचं नाही. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की संप माणसं करू शकतात, बालपण करू शकत नाही. ते थांबत नाही. तुम्हाला वाटत होतं की बायका अशाच मुठी-मुठीने सगळं सांभाळून नेतात म्हणून वरच्यांना लाज वाटत नाही. त्यातलं काय खोटं होतं? मी पुढे तीस-एक वर्षं त्या कामात काढली. बालवाडीची अंगणवाडी झाली, साहेब बदलले, योजनांची नावं बदलली. गळकं छप्पर आम्ही वर्गणी काढून ताडपत्रीने झाकलं, खडू आम्ही आणले, वजनकाटा बिघडला तर वाण्याच्या दुकानात मुलं उचलून तोलली. आणि प्रत्येक वेळी वरून कौतुक आलं की बाई फार निष्ठेने करतात. त्या 'निष्ठा' शब्दाची मला शिसारी बसली आहे. सरकारला जे करायचं नसतं ते बायकांनी फुकटात केलं की त्याला निष्ठा म्हणतात.

शिल्पाचं आपण कधी बोललो नाही.

संप मिटला नाही. तो मिटला असं कोणी येऊन सांगितलंच नाही, लोक एकेक करून वेगळ्या वाटेने गेले. तुमचा मुलगा एका कुरियरवाल्याकडे लागला. तुम्ही कुठेच लागला नाहीत. शिल्पाला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा आई तिला घेऊन परत आल्या. अंगाने भरलेली, केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, कानात गावच्या सोनाराकडच्या बाळ्या. मी जिना उतरून धावले. ती आईंच्या मागे लपली. आई म्हणाल्या, "अगो, ही कोण? वळाख बघया."

शिल्पा माझ्याकडे बघून म्हणाली, "काकी."

तुम्ही गॅलरीत उभे होतात. तुम्ही ऐकलंत. खाली येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "होतली सवय."

झाली सवय. मुलांना होते. ती मला आई म्हणू लागली, शिकली, लग्न झालं, आता डोंबिवलीला असते, आठवड्याला फोन करते. आमच्यात वाईट काही नाही. पण ती आजारी पडली की आजीला हाका मारायची, आणि तिच्या पहिल्या गोष्टी, तिची पहिली गाणी, तिची बोबडी भांडणं माझ्याजवळ नाहीत. दुसऱ्यांच्या शेकडो मुलांची आहेत.

तिच्या परत येण्यानंतर तुम्ही बालवाडीच्या पायरीवर रोज येऊन बसायला लागलात, मुलांच्या चपला जोडीने लावायला लागलात, रडणाऱ्याला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत फिरवून आणायला लागलात. त्याला पश्चात्ताप म्हणायचा मला मोह होतो. तेराव्याला आलेल्या बायकांनी तसंच काही गोड ऐकायची अपेक्षा ठेवली होती. मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणाला नाहीत, मग मी तुमच्या तोंडी कशाला घालू? मला एवढंच ठाऊक आहे की रडणारं मूल तुमच्या खांद्यावर शांत व्हायचं आणि ते बघताना मला तुमचा राग यायचा आणि आधारही वाटायचा, एकाच वेळी.

चाळ पाडायची ठरली तेव्हा बिल्डरची माणसं घरोघर संमतीच्या सह्या मागत फिरली. सगळ्यांना घाई होती. स्वतःचा संडास, लिफ्ट, खिडकीतून दिसणारी समुद्राची रेघ. मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू. तुम्ही नकाशा मागितलात. पोरं त्यात कुठे बसणार ते दाखवा, म्हणालात. बिल्डरचा माणूस म्हणाला, "आजोबा, वर पोडियमवर, पार्किंगच्या गच्चीवर, गार्डन आहे, झोपाळे आहेत."

"झोपाळे नको. बालवाडी खंय?"

"ते नंतर बघू."

"मग मी पण सही करूचंय नाय. नंतर बघूया."

तुमच्या एका सहीने टॉवर अडणार नव्हता, पण तुमच्यामागे चाळीतली आणखी दहा-बारा म्हातारी माणसं बसली आणि काम लांबलं. शेजारी बोलेनासे झाले. पाण्याच्या नळावर माझ्यादेखत बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याला चाळीतच मरायचंय. तुमचा मुलगा तर तोंडावर बोलला, "तुम्ही गिरणी घालवलीत, आता घर पण घालवणार." तुम्ही ताटावरून उठला नाहीत. सावकाश जेवलात, हात धुतलात आणि म्हणालात, "गिरणी मी घालवूक नाय."

शेवटी नवा नकाशा आला. त्यावर ते दोन शब्द होते. तुम्ही मला वाचायला लावलंत, दोनदा. मग सही केलीत.

टॉवर झाला आणि आम्ही वर राहायला गेलो. खोली बघायला आपण दोघं खाली उतरलो. पंपाची घरघर, भिंतीला ओल, खिडकी म्हणून वर एक झरोका आणि तोही पार्किंगकडे उघडणारा, गाड्यांचा धूर आत घेणारा. मुलांसाठी म्हणून मुद्दाम शोधून दिल्यासारखी जागा. आणि तीही कुलूपबंद. किल्ली कमिटीकडे. तुम्ही रोज सकाळी लिफ्टने खाली जायचात, त्या दारासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कमिटीवाल्याकडे किल्ली मागायचात. कमिटीने वॉचमनला सांगून ठेवलं होतं, आजोबांकडे लक्ष देऊ नको. गुडघे गेले तेव्हाच तुम्ही जायचे थांबलात.

आणि ज्या मुलांसाठी खोली, ती कुठे होती? चाळ पाडताना त्यांना जिथे हलवलं, ती अजून तिथेच आहेत. पलीकडच्या न पाडलेल्या चाळीच्या बोळात, मीटरच्या पेट्यांखाली. तिथली अंगणवाडी रूपाली चालवते. माझ्या निवृत्तीनंतर आलेली, नायगावची, हुशार, मुलांवर जीव असलेली पोर. तिला मुलांशी बोलायला वेळ नसतो. हजेरीचा फोटो काढ, खाऊचा फोटो काढ, वजन भर, उंची भर, आणि नेटवर्क गेलं की पुन्हा पहिल्यापासून. मुलं तोंडावर बोट ठेवून बसलेली आणि बाई फोन वर धरून बोळाच्या तोंडाशी रेंज शोधतेय. तुम्हाला मी व्हीलचेअरवरून तिथे नेलं होतं तेव्हा तुम्ही तिला विचारलंत, "तू पोरांकडे बघतंस कधी गो?"

रूपाली रडवेली झाली. "आबा, फोटो गेला नाही तर मुलं आलीच नाहीत असं धरतात."

म्हणजे आमच्या वेळी खेळणी ट्रंकेत आणि मुलं बाहेर. आता मुलं फोनमध्ये आणि बाई बाहेर. इतक्या वर्षांत पालट झाला तो एवढाच. मुलाजवळ बसून त्याच्याशी बोलणारं, त्याचं ऐकणारं एक माणूस द्या, एक उजेडाची खोली द्या, वास न येणारं खाणं द्या. यापलीकडे त्या वयाला काही लागत नाही, आणि नेमकं तेवढंच कोणी देत नाही.

नर्सरीचंही पाहिलं मी. भिंतीवर परदेशी प्राण्यांची चित्रं, दाराशी सुगंधी फवारा, झरोक्याला आता एसी. त्यांच्यासाठी भिंतीची ओल गेली, पंपाला आवाज न येणारं झाकण बसलं. हे सगळं करता येत होतं तर. ऐन उकाड्यात टाय लावलेली तीन वर्षांची पोरं रेघेवर रेघ गिरवतात, आणि रेघ हलली की पान फाडून पुन्हा. आणि पलीकडच्या बोळातलं मूल दाराशी आलं तर वॉचमन त्याला हुसकतो.

तुम्ही जायच्या आदल्या दिवशी दुपारी शुद्धीवर होतात. मी पेज भरवत होते. तुम्ही विचारलंत, "खोली उघडल्यानी?"

उघडली होती. रंगाचं काम सुरू होतं. हो म्हटलं असतं तर ते खरंही ठरलं असतं आणि तुम्ही सुखाने डोळे मिटले असतेत. पण तुमच्याशी तसं बोलायची मला कधी सवयच नव्हती. मी म्हणाले, "मुलांसाठी नाही उघडली, आबा."

तुम्ही चमचा हाताने दूर केलात. "मग माका उठव," म्हणालात.

मी उठवलं नाही. उठवता येण्यासारखे तुम्ही उरला नव्हतात.

तर त्या तेराव्याच्या संध्याकाळी सेक्रेटरी गेल्यावर मी तुमच्या मुलाला म्हणाले, "अहो, ते नाव लावू देऊ नका."

"का? तुला काय त्रास होतोय? माझ्या बापाचं नाव आहे."

"त्यांनी ती खोली कुणासाठी मागितली होती?"

"बालवाडीच आहे ना ती? लहान मुलंच येतात ना? अगं, जग पुढे गेलं. त्या अंगणवाडीत आता येतं कोण?"

"बोळात कोण येणार? तरी येतात."

ते टीव्ही लावून बसले. मी शिल्पाला फोन केला. ती म्हणाली, "आई, सोड ना. आबा तर गेले, आता काय फरक पडतो?" मी तिला दोष देत नाही. तिचा मुलगाही अशाच एका नर्सरीत गेला, तिच्या दाराशी दुसरं होतं काय?

नर्सरी उघडायच्या आदल्या सकाळी मी एकटी खाली गेले. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता, तुमचं पूर्ण नाव, आधी 'कैलासवासी', बाजूला फुग्यांचं चित्र. नर्सरीच्या मॅडम होत्या. गोड बोलल्या. मी त्यांना म्हणाले, "हा बोर्ड लागला तर उद्यापासून मी इथे खुर्ची टाकून बसणार. येणाऱ्या प्रत्येक आईला सांगणार की या माणसाने ही खोली कुणासाठी मागितली आणि ती तुम्हाला कशी मिळाली. भांडणार नाही, आरडाओरडा करणार नाही. फक्त सांगणार. मला दुसरं काम नाही."

त्यांनी कुणाला तरी फोन केला. दुपारी बोर्ड उचलला गेला. तुमचा मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

एवढंच झालं, आबा. मोठं काही झालं नाही. नर्सरी ठरल्या दिवशी उघडली, पेढे वाटले, आपल्या घरीही एक डबा आला, तो मी परत पाठवला. खोली वाचवता आली नाही. तुमचं नाव तेवढं त्या घाणीतून काढता आलं.

आणि माझी गंमत बघा. इतकी वर्षं तुम्हाला सांगत आले की तुमच्या लढ्यांनी आजच्या पोराचं पोट भरत नाही, आणि आता मी रोज सकाळी बोळात जाते, रूपाली फोन भरते तोवर मुलांजवळ बसते, गोष्ट सांगते. म्हणजे घरचा भातच म्हणायचा. तुम्ही असतात तर दात खाल्ले असतेत. पण नकाशाची नक्कल काढून मी वॉर्ड ऑफिसात तक्रारही केली. माझ्या हयातीत ती खोली मिळाली नाही तरी रूपालीच्या मुलांच्या पाठच्या मुलांना मिळेल, असा हिशेब मी कधी करेन असं मला वाटलं नव्हतं. तो तुमचा हिशेब. मला तो अजूनही पुरता पटलेला नाही.

काल मला आणि रूपालीला तिथे बोलावलं होतं. साहेब तरुण आहेत, वागायला बरे. त्यांनी नकाशा इकडून तिकडे फिरवून बघितला, 'राखीव' शब्दावर पेनाने टकटक केलं.

"आजी, या मुलांमध्ये तुमचं नातवंड आहे का?"

"नाही."

"तुम्ही नोकरीत आहात?"

"नाही. निवृत्त झाले."

"खोली तुमच्याच सोसायटीची, तुमच्या मिस्टरांची ठरावावर सही. मग तुमचा यात संबंध काय?"

तुम्ही असतात तर टेबलावर हात आपटून बोलला असतात. मला तसं येत नाही. रूपाली माझ्याकडे बघत होती. साहेबांच्या टेबलासमोर बसायला काहीच नव्हतं, मघापासून आम्ही उभ्याच होतो.

मी म्हणाले, "सांगते. पण वेळ लागेल. आधी आम्हाला दोघींना खुर्च्या मागवा."